पिशवी, पोट आणि पृथ्वी

इंग्रजीतला ‘बल्ज’ हा शब्द आज फुगवट्यासाठी वापरतात. भिंतीला आलेला फुगवटा, पाकिटाने खिशाला आलेला फुगवटा, विषुववृत्तापाशी पृथ्वीला असलेला फुगवटा, या सगळ्यांना हा एकच शब्द चालतो. पण तो इंग्रजीत रुजला तेव्हा, म्हणजे तेराव्या शतकाच्या आगेमागे, बल्ज म्हणजे चामड्याची पिशवी होती. पैसे, कागद, प्रवासातले किडूकमिडूक ठेवायची थैली. पुढे चारएकशे वर्षांनी, सतराव्या शतकात, पिशवी मागे पडली आणि भरलेल्या पिशवीचा आकार तेवढा शब्दात उरला.

शब्दांचे अर्थ बदलतात हे काही नवे नाही. मला या शब्दात गोडी वाटली ती वेगळ्या कारणाने. मी आयुष्यभर वर्धा जिल्ह्यातल्या शाळेत भूगोल शिकवला. ‘पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आणि विषुववृत्तापाशी फुगीर आहे’ हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिले. मुले ते पाठ करत, पेपरात उतरवत आणि पूर्ण गुण मिळवत. पृथ्वी फुगीर का, किती, आणि हे मोजले कोणी, हे प्रश्न त्या एका वाक्यात मावत नाहीत, म्हणून त्यांवर तास संपेपर्यंत बोलत राहावे लागे. निवृत्तीनंतर शब्दांच्या व्युत्पत्ती वाचायचा नाद लागला आणि बल्जचे मूळ समोर आले, तेव्हा वाटले की ज्या शब्दाच्या पोटात एक पिशवी दडलेली आहे तो शब्द ऐकताच मनात पहिला प्रश्न यायला हवा तो हा, की आत काय आहे?

इंग्रजीला हा शब्द फ्रेंचकडून मिळाला. जुन्या फ्रेंचमध्ये ‘बूज’ म्हणजे चामडी थैली. फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून आला. तिथे तो ‘बुल्गा’. आणि लॅटिननेही तो उसनाच घेतला होता. गॉल लोक चामड्याच्या लहान थैल्यांना बुल्गा म्हणतात, अशी नोंद फेस्टस या रोमन कोशकाराने करून ठेवली आहे. गॉल म्हणजे आजचा फ्रान्स आणि त्याच्या आसपासचा मुलूख. तिथली भाषा केल्टिक. ज्या लोकांना रोमने जिंकले, त्यांच्या कमरेची थैली रोमच्या भाषेत जाऊन बसली. त्याच केल्टिक कुळातल्या आयरिश भाषेत ‘बोल्ग’ म्हणजे पिशवीही आणि पोटही. वेल्शमध्ये ‘बोल’ म्हणजे पोट.

त्याहून मागे गेले की भाषाशास्त्रज्ञ ‘फुगणे’ या अर्थाचे एक भारोपीय मूळ मांडतात. म्हणजे फुगण्यातून पिशवी निघाली आणि पिशवीतून पुन्हा फुगणे. हेच मूळ दुसऱ्या वाटेने, जर्मानिक भाषांमधून, इंग्रजीत आले आणि तिथे त्याचा गोतावळा केवढा वाढला! पोटाला इंग्रजीत ‘बेली’ म्हणतात. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ चामडी पिशवी असाच होता. लोहाराच्या भात्याला ‘बेलोज’ म्हणतात, ते त्याच शब्दाचे अनेकवचन. लोड-तक्क्याला ‘बोल्स्टर’, समुद्राच्या उसळत्या लाटेला ‘बिलो’. आपल्याकडचे बर्हिस्, म्हणजे यज्ञवेदीवर अंथरायचे गवत, आणि उपबर्हण, म्हणजे उशी, हे संस्कृत शब्दही अभ्यासकांनी याच मुळाशी जोडलेले आहेत. बर्हिस् शब्द मंत्रांत कानावरून गेलेला असतो; त्याचे नाते इंग्रजांच्या पोटाशी असेल असे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही.

भात्याजवळ मला जरा थांबावेसे वाटते. मराठीतला भाता संस्कृत ‘भस्त्रा’वरून आला आणि भस्त्रा म्हणजेही चामड्याची पिशवी. योगातली भस्त्रिका तिच्यावरूनच. मराठीने त्या एका शब्दातून दोन वस्तू केल्या: लोहाराचा भाता आणि बाण ठेवायचा भाता. युरोपात जे घडले तेच इथे, कोणाचे पाहून नव्हे, आपसूक घडले. मूळ वेगळे, कातडे तेच. माणसाने मेलेल्या जनावराचे कातडे कमावून त्यात काहीतरी भरले, धान्य, पाणी, वारा, पैसा; आणि ते भरलेले रूप त्याच्या भाषेवर उमटले. पखाल आणि मोट याही चामड्याच्याच. आज दोन्ही वस्तू गेल्या, शब्द मात्र म्हणींमध्ये उरले आहेत.

लहानपणी आमच्या गावात पाऊस तोंडावर आला की लोहाराच्या दारी नांगराचे फाळ आणि वखराच्या पासा यांचा ढीग लागे. त्याचा भाता मी तासन्‌तास पाहत बसे. वर-खाली दोन फळ्या, मध्ये चामड्याच्या घड्या, पुढे जमिनीत पुरलेली नळी. लोहाराचा मुलगा दोरी ओढायचा. घड्या उलगडत, चामडे ताणले जाई, शिवणीवरचा एकेक टाका दिसू लागे, आणि भाता टम्म फुगे. मग दोरी सैल होई, फळी बसे आणि भट्टीतले निखारे पांढरे होईपर्यंत पेटत. चामड्याला बारीक चीर पडली तर ती डोळ्यांना दिसत नसे. पण भाता पुरा फुगत नाही हे पोराच्या हाताला लगेच कळे. मग काम थांबवून शिवणीवरून ओला हात फिरवायचा. जिथे थंड वारा लागला तिथे चीर. नुसत्या फुगण्यावरून आतली गोष्ट ओळखायची रीत मी पहिल्यांदा तिथे पाहिली.

बल्जच्या घराण्यातला सर्वांत नाव काढलेला शब्द मात्र वेगळाच आहे, आणि तो प्रत्येक मराठी घरात रोज उच्चारला जातो. तो म्हणजे बजेट. फ्रेंच ‘बूज’चे लहान रूप ‘बूजेत’, म्हणजे छोटी चामडी थैली. इंग्रजीत पंधराव्या शतकात ती ‘बजेट’ झाली आणि बराच काळ थैलीच राहिली. मनातले सगळे बोलून टाकण्यालाही ‘बजेट उघडणे’ म्हणत. १७३३ साली इंग्लंडचा कारभार रॉबर्ट वॉलपोल पाहत होता. त्याच्या अबकारी कराच्या योजनेवर टीका करणारी एक पुस्तिका निघाली. तिचे नावच ‘बजेट उघडले’ अशा अर्थाचे होते. गावोगाव औषधे विकणारा वैदू थैली उघडून एकेक पुडी काढतो, तसा हा कारभारी थैलीतून कर काढतो आहे, असा तिचा रोख. टोमणा म्हणून सुरू झालेला हा वापर पुढे राज्यकारभाराचा अधिकृत शब्द झाला. फ्रेंच लोकांनी तर आपलीच थैली नव्या अर्थासह इंग्रजांकडून परत घेतली.

भारतात ही थैली ७ एप्रिल १८६० रोजी उघडली गेली. जेम्स विल्सन या इंग्रज अर्थतज्ज्ञाने कलकत्त्यात पहिला अर्थसंकल्प मांडला आणि त्यात प्राप्तिकर आणला. चार महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, तो तिथेच आमांशाने वारला. स्वतंत्र भारताचा पहिला अर्थसंकल्प २६ नोव्हेंबर १९४७ रोजी षण्मुखम् चेट्टी यांनी मांडला. पुढे चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्री म्हणून ते काम केले. बहुतेक अर्थमंत्री संसदेत जाताना चामड्याची बॅग हातात धरून छायाचित्र काढून घेत, हे आपण वर्षानुवर्षे पाहिले. ५ जुलै २०१९ रोजी निर्मला सीतारामन लाल कापडात गुंडाळलेली चोपडी घेऊन आल्या आणि चामडे गेले. शब्द तोच राहिला. मराठीने यासाठी ‘अर्थसंकल्प’ असा देखणा शब्द घडवला. पण घरात कोणी ‘यंदा अर्थसंकल्पात बसत नाही’ म्हणत नाही; ‘बजेट नाही’ असेच म्हणतो. आणि ते बरोबरच आहे, कारण तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे थैलीच असते आणि ती किती भरली आहे हे आपल्याला नेमके ठाऊक असते.

आणखी दोन नातलगांची ओळख करून देऊन पुढे जातो. जहाजाच्या तळाच्या फुगीर भागाला आणि तिथे साचणाऱ्या घाण पाण्याला इंग्रजीत ‘बिल्ज’ म्हणतात. तो बल्जचाच दुसरा उच्चार. आणि दुसऱ्या महायुद्धातली एक लढाई याच शब्दाने ओळखली जाते. १६ डिसेंबर १९४४ रोजी बेल्जियम आणि लक्झेंबर्गच्या आर्देन जंगलातून जर्मन फौजांनी अचानक मुसंडी मारली. वर्तमानपत्रांतल्या नकाशांवर दोस्तांची आघाडीची रेषा पश्चिमेकडे फुगलेली दिसू लागली, म्हणून ‘बॅटल ऑफ द बल्ज’. जानेवारीच्या अखेरीस रेषा पुन्हा सरळ झाली. तेवढ्यासाठी एकट्या अमेरिकेचे सुमारे १९ हजार सैनिक मेले. नकाशावरच्या एका वळणात किती माणसे असतात, हे भूगोलाच्या शिक्षकाने मुलांना सांगितलेच पाहिजे असे मला वाटते.

आता आमच्या वऱ्हाडच्या मातीकडे येतो. आमचे घर काळ्या मातीवर आहे. कापसाला ती मानवते, घराला नाही. या मातीत एक चिकण खनिज असते; त्याचे सूक्ष्म थर एकावर एक रचलेले असतात आणि पाणी मिळाले की ते थरांच्या मध्ये शिरते. थर एकमेकांपासून दूर सरकतात आणि सगळी माती फुगते. वैशाखात तीच माती आकसते, तेव्हा शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात दारे चौकटीत अडकायला लागली की आमच्याकडे कोणी सुताराला दोष देत नाही.

आमच्या स्वयंपाकघरातली शहाबादी फरशी एका बाजूने वर आली होती. पाट ठेवला की डुगडुगायचा. फरशी काढून, घासून, नव्या सिमेंटात बसवून झाली. पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा वर आली. मग गावातला एक म्हातारा गवंडी आला. त्याने फरशीकडे पाहिलेच नाही. मोरीचे पाणी कुठे जाते ते विचारले, बाहेर जाऊन भिंतीच्या कडेची जमीन पाहिली, मग आत येऊन सब्बलीने एक फरशी उचकटली आणि खालची ओली, काळी, तुकतुकीत माती मुठीत घेऊन मला दाखवली. “फरशी नाही फुगली जी मास्तर, खालची माती फुगली,” तो म्हणाला. “हे काढल्याबिगर काही होत नाही.” मग कमरेएवढे खणले, काळी माती बाहेर काढली, मुरूम भरून धुमसाने ठोकला, मोरीची नळी बदलली. त्यानंतर फरशी हललेली नाही. आमच्याकडे म्हणतात, आजार हल्याला आणि औषध पखालीला. आधीची दुरुस्ती तशी होती. फुगवटा दिसतो तिथे नसतो. तो आतल्या कशाची तरी बातमी असतो. गवंड्याने ती बातमी वाचली.

पृथ्वीच्या फुगवट्याची बातमी वाचायला माणसांना दीडशे वर्षे लागली, आणि ही माझ्या विषयातली सर्वांत थोर गोष्ट आहे.

सुरुवात एका घड्याळापासून झाली. १६७२ साली जाँ रिशे हा फ्रेंच खगोलनिरीक्षक दक्षिण अमेरिकेतल्या केयेन इथे गेला. केयेन विषुववृत्ताच्या अगदी जवळ. पॅरिसमध्ये अचूक चालणारे लंबकाचे घड्याळ तिथे रोज अडीच मिनिटे मागे पडू लागले. लंबकाची लांबी कमी केली तेव्हा कुठे ते वेळेवर आले. लंबक हळू हलतो याचा अर्थ तिथे पृथ्वीची ओढ कमी आहे. का कमी? १६८७ साली न्यूटनने उत्तर दिले. पृथ्वी स्वतःभोवती फिरते. विषुववृत्तावरची जमीन त्या फिरण्याने ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने जात असते, ध्रुवावरची जागच्या जागी वळते. या फिरण्याने पृथ्वी मधोमध फुगली पाहिजे. मग तिथला माणूस केंद्रापासून थोडा लांब आणि थोडा हलका. न्यूटनने आकडाही काढला. विषुववृत्तीय आणि ध्रुवीय व्यासांचे प्रमाण त्याच्या मते २३० ला २२९.

फ्रान्समध्ये कासिनी घराण्यातल्या खगोलशास्त्रज्ञांची मोजणी उलट सांगत होती: पृथ्वी मध्ये दबलेली आणि ध्रुवांकडे लांबुळकी आहे. वाद मिटवायचा तर पृथ्वीच मोजायला हवी होती. अक्षांशाचा एक अंश जमिनीवर किती लांबीचा आहे ते विषुववृत्ताजवळ मोजायचे, आणि तसेच ध्रुवाजवळ मोजायचे. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असेल तर तिथला अंश लांब भरेल, कारण जमीन जितकी सपाट तितके एक अंश वळायला जास्त अंतर चालावे लागते. फ्रेंच अकादमीने १७३५ साली एक तुकडी तेव्हाच्या पेरूमध्ये, आजच्या इक्वेडोरमध्ये, पाठवली आणि पुढच्या वर्षी मोपेर्तुईच्या हाताखाली दुसरी तुकडी उत्तरेला लॅपलँडला. लॅपलँडचा अंश फ्रान्समधल्या अंशापेक्षा लांब भरला. न्यूटन बरोबर ठरला. आज आपल्याला ठाऊक आहे की विषुववृत्तावर एक अंश सुमारे ११०.६ किलोमीटरचा आणि ध्रुवापाशी १११.७ किलोमीटरचा आहे. जेमतेम एका किलोमीटरचा फरक. एवढ्यासाठी माणसे बर्फात आणि अँडीज पर्वतात वर्षे काढून आली.

पण खरी गंमत पुढेच आहे, आणि शाळेच्या पुस्तकात ती येत नाही याची मला हळहळ वाटते. न्यूटनने २३०चा आकडा काढताना पृथ्वी आतून सगळीकडे सारख्याच घनतेची धरली होती. प्रत्यक्षात पृथ्वी त्याच्या हिशेबाइतकी फुगलेली नाही. आजच्या मोजणीनुसार चपटेपणा २९८ मध्ये एक आहे. विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८ किलोमीटर, ध्रुवीय ६३५७. फरक साधारण २१ किलोमीटरचा. फुगवटा कमी का? लॅपलँडच्या तुकडीत क्लेरो नावाचा एक तरुण गणिती होता. त्याने १७४३ साली पृथ्वीच्या आकारावर ग्रंथ लिहिला आणि गुरुत्वाकर्षण, फिरणे आणि आतली घनता यांचा फुगवट्याशी असलेला संबंध गणिताने मांडला. जड पदार्थ केंद्राकडे गोळा झालेला असेल तर फिरण्याचा जोर बाहेरच्या हलक्या थरांवरच काय तो चालतो आणि फुगवटा न्यूटनच्या आकड्यापेक्षा कमी येतो. म्हणजे पृथ्वी किती फुगली आहे हे नेमके मोजता आले, तर तिच्या पोटात काय आहे त्याची वार्ता मिळते. खाणीत उतरून नाही, भूकंपाच्या लहरी ऐकून नाही (ते सगळे पुढे झाले), नुसता फुगवटा मोजून कळले की पृथ्वीचे अंतरंग जड आहे. शिवणीवर ओला हात फिरवावा तशी ही विद्या आहे.

म्हणूनच नेमकी मोजणी महत्त्वाची होती. २३० की ३००, हा फरक म्हणजे पृथ्वी आतून एकसारखी की जड गाभ्याची, हा फरक. आणि त्या मोजणीतले एक फार मोठे काम आपल्या जमिनीवर झाले.

विल्यम लॅम्ब्टन या ब्रिटिश सैन्यातल्या अधिकाऱ्याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी साडेसात मैलांची पायारेषा साखळीने मोजायला घेतली. ईस्ट इंडिया कंपनीला नकाशे हवे होते, कर आणि फौजा यांच्यासाठी. ते विसरून चालणार नाही. पण लॅम्ब्टनला मनापासून हवा होता तो पृथ्वीचा आकार. त्याचे मोठे थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचे यंत्र, सुमारे अर्धा टन वजनाचे होते. इंग्लंडहून ते आणणारे जहाज फ्रेंचांनी पकडले आणि यंत्र मॉरिशसला नेले. शास्त्राचे उपकरण आहे हे कळल्यावर त्यांनीच ते मद्रासला पाठवून दिले. १८०८ साली तंजावरला मंदिराच्या शिखरावर ते चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि कोनांचे अंश कोरलेले त्याचे तीन फुटी वर्तुळ वाकडे झाले. लॅम्ब्टन ते घेऊन तंबूत शिरला आणि सहा आठवडे खपून, पाचरी, स्क्रू आणि लाकडी हातोडीने एकेक ठोका घालत, त्याने ते वर्तुळ पूर्वीच्या आकारात आणले. पृथ्वीच्या आकारातला सूक्ष्म फरक मोजायला निघालेल्या माणसाला यंत्राच्या आकारातला सूक्ष्म फरक सहन होणे शक्यच नव्हते.

पायारेषेवरून त्रिकोण, त्रिकोणावरून त्रिकोण, असे करत ती साखळी कन्याकुमारीच्या बाजूने उत्तरेला सरकत राहिली. टेकडीवरून टेकडीवरची निशाणी पाहायची, कोन टिपायचा, रात्री तारे पाहून अक्षांश काढायचा. खलाशी, निशाणवाले, साखळी धरणारे, झाडे तोडणारे अशी शेकडो माणसे त्यात होती आणि तापाने त्यांतली कितीतरी मेली. त्यांतल्या बहुतेकांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. रेषा ७८ रेखांशाच्या आसपासने हैदराबाद संस्थानातून वऱ्हाडाकडे आली. लॅम्ब्टन तोवर म्हातारा झाला होता, छातीच्या रोगाने खंगला होता. हैदराबादहून नागपूरकडे जाताना, जानेवारी १८२३ मध्ये, हिंगणघाटला त्याने प्राण सोडला. तिथेच त्याला पुरले.

त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट. त्याने रेषा पुढे सातपुडा ओलांडून सिरोंजला आणि नंतर हिमालयाच्या पायथ्याशी डेहराडूनला नेली. एकूण लांबी सुमारे २४०० किलोमीटर. सिरोंजपर्यंतच्या मोजणीवरून एव्हरेस्टने १८३० साली पृथ्वीचा जो आकार ठरवला, त्यात चपटेपणा ३०० मध्ये एक असा होता. उपग्रहांनी काढलेल्या आजच्या आकड्याच्या तो किती जवळ आहे पाहा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे दीडशेहून अधिक वर्षे याच आकारावर आखले जात होते. मी वर्गात मुलांपुढे टोपोशीट उलगडत असे, तेव्हा त्यातल्या प्रत्येक गावाची जागा त्या जुन्या साखळीने आणि तिच्यातून निघालेल्या आकाराने ठरवलेली होती.

एव्हरेस्टचे नाव पुढे १८६५ साली जगातल्या सर्वांत उंच शिखराला दिले गेले. समुद्रसपाटीपासून मोजले तर ते सर्वांत उंच आहेच. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजले तर मात्र इक्वेडोरमधला चिंबोराझो त्याच्या पुढे जातो. चिंबोराझोची उंची अवघी ६२६३ मीटर, पण तो विषुववृत्ताजवळ, पृथ्वीच्या फुगवट्यावरच उभा आहे, त्यामुळे त्याचे टोक केंद्रापासून एव्हरेस्टच्या टोकापेक्षा सुमारे दोन किलोमीटर अधिक दूर आहे. पेरूला गेलेली ती फ्रेंच तुकडी याच चिंबोराझोच्या कुशीत राहिली होती. हे मुलांना सांगितले की वर्ग एकदम जागा होतो. ‘मग खरे उंच कोणते?’ असे कोणीतरी विचारतेच आणि तो प्रश्न कितीही वेळा आला तरी मला आवडला.

बल्ज हा शब्द या सगळ्या प्रवासात किती दूर आला! गॉलच्या शेतकऱ्याच्या थैलीपासून ग्रहाच्या कमरेपर्यंत. आता तर खगोलशास्त्रज्ञ आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी दाटलेल्या ताऱ्यांच्या फुगीर भागालाही बल्जच म्हणतात. थैलीत काय आहे ते हात घालून कळत होते. पृथ्वीत आणि आकाशगंगेत हात घालता येत नाही. तिथे फुगवटा मोजायचा, पुन्हा मोजायचा आणि मग आतल्याविषयी बोलायचे. ही शिस्त मला भूगोलाने दिली आणि ती मला शाळेत शिकवण्याजोग्या सर्व गोष्टींत वरची वाटते.

भूगोल शिकवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना एक विनंती आहे. ‘पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे’ हे वाक्य फळ्यावर लिहाल तेव्हा तिथेच थांबू नका. नकाशा उघडून नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे हिंगणघाट मुलांना दाखवा. हा फुगवटा मोजता मोजता एक माणूस तिथे वारला, हे त्यांना सांगा. आणि त्याच्याबरोबर साखळी ओढणारी, नावे न लिहिलेली माणसे आपल्याच मुलखातली होती, हेही सांगा.